हिशेबतपासनिसाची उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज बहुधा निवडणुकीच्या दिवसांतच कानीं पडतो. पूर्वीं कचेरींत बिनपगारी कारकुनी करीत कायम नेमणुकीची वाट पाहणाऱ्या तरुणासहि उमेदवारच म्हणत. आणि सोनाराकडे, छापखान्यांत, वकिलाच्या हाताखालीं, जो तो आधीं उमेदवारी करी. बहुतेक धंद्यांतून ही चाल मागें पडली. सनदी लेखापालाच्या, म्हणजे लोक ज्याला सी. ए. म्हणतात त्याच्या, धंद्यांत मात्र ती अजून नियमानें बांधलेली आहे. घरांत चर्चा होते ती परीक्षांची: कितवा प्रयत्न, कोणता गट सुटला, निकाल केव्हां. परंतु मधल्या काळांत मुलगा किंवा मुलगी रोज सकाळीं डबा घेऊन कोठें जाते आणि तेथें नेमकें काय करते, याची पुरी कल्पना आईबापांनाहि क्वचितच असते.

मार्ग असा आहे. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा, मग इंटरमीजिएटचे दोन्ही गट, मग उमेदवारी आणि त्यानंतर फायनल. उमेदवारी तीन वर्षांची होती. १ जुलै २०२३ पासून अमलांत आलेल्या योजनेनें ती दोन वर्षांवर आली. आरंभीं करारपत्र होतें. शिकविणाऱ्यानें धंद्याचें शिक्षण द्यावें. शिकणाऱ्यानें प्रामाणिकपणें काम करावें आणि ज्यांचे हिशेब तपासावयाचे त्यांचीं गुपितें बाहेर नेऊं नयेत. मिळतो तो पगार नव्हे, विद्यावेतन; त्याची किमान रक्कम शहराच्या लोकसंख्येवर ठरते.

या विद्यावेतनाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडांत पुष्कळ काळ उमेदवाराला पैसे मिळत नसत. उलट त्याच्या बापालाच ‘प्रीमियम’ म्हणून भली मोठी रक्कम मालकापुढें मोजावी लागे. साहजिकच धंदा सुखवस्तु घरांतील मुलांचा झाला. त्याचे आद्य पुरुष मात्र तसे नव्हते. विल्यम वेल्च डेलॉइट हा पंधराव्या वर्षीं लंडनच्या दिवाळखोरीच्या न्यायालयांत एका अधिकाऱ्याच्या हाताखालीं लागला. बुडालेल्या पेढ्यांचीं दप्तरें चाळतां चाळतां तो शिकला, आणि १८४५ त, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्याच न्यायालयासमोर बेसिंगहॉल स्ट्रीटवर त्यानें आपली कचेरी थाटली. मेलेल्या पेढ्यांच्या शवचिकित्सेंतून जिवंत कंपन्यांची नाडी पाहणारा धंदा निघाला तो असा. १८५४ त एडिंबरोच्या आणि १८८० त इंग्लंडच्या लेखापालांच्या संस्थेला राजाची सनद मिळाली; ‘सनदी’ हें विशेषण तेथून आलें.

आपल्याकडे १९१३ च्या कंपनी कायद्यानें हिशेबतपासनिसाच्या पात्रतेचा प्रश्न पुढें आणला. त्याच वर्षीं मुंबईंत सिडनहॅम कॉलेज निघालें, आणि १९१८ त तेथें सरकारी हिशेबी डिप्लोमा सुरू झाला. परीक्षेबरोबर मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखालीं तीन वर्षांची उमेदवारी त्या वेळींहि होतीच. मद्रासच्या आर. शिवभोगम १९३३ त या धंद्यांत आलेल्या पहिल्या भारतीय महिला. १ जुलै १९४९ रोजीं आजची संस्था स्थापन झाली. ती कायद्यानें झाली, राजसनदेनें नव्हे. विशेषण मात्र राहिलें.

आज हिशेबतपासणीच्या जगांत चार नांवें सर्वांत मोठीं गणलीं जातात: डेलॉइट, ई. वाय., के. पी. एम. जी. आणि पी. डब्ल्यू. सी. यांच्याशीं संलग्न असलेल्या मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत उमेदवारी मिळाली कीं घरीं पेढे वाटले जातात. तेथील रचना उतरंडीसारखी असते. सर्वांत वर भागीदार. मग संचालक, व्यवस्थापक, साहाय्यक व्यवस्थापक. आणि अगदीं तळाला उमेदवार. करारपत्रावर प्रमुख म्हणून ज्या भागीदाराची सही असते तो त्या मुलाला दोन वर्षांत मोजक्याच वेळां भेटण्याचा संभव असतो. प्रत्यक्ष शिकवितो तो दोनतीन वर्षांपूर्वीं स्वतःच उमेदवार असलेला सीनियर. हें वाईटच असें नाहीं. नुकताच शिकलेला माणूस शिकणाऱ्याची अडचण चटकन् ओळखतो. पण त्याच्या डोक्यावरहि मुदतीचें ओझें असतें. कंपन्यांचें हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपतें, आणि शेअरबाजारांत नोंदलेल्या कंपनीला त्यानंतर साठ दिवसांच्या आंत तपासलेले वार्षिक निकाल जाहीर करावे लागतात. म्हणून एप्रिल-मे ही या धंद्याची सुगी. संस्थेच्या नियमानें उमेदवाराचा आठवडा पस्तीस तासांचा धरला आहे. सुगींत तो आकडा पुष्कळदां कागदावरच राहतो, आणि शेवटची लोकल चुकूं नये एवढीच त्या दिवसांतली महत्त्वाकांक्षा उरते.

काम काय असतें? समजा, भिवंडीच्या एका गोदामांत ३१ मार्चच्या संध्याकाळीं मालाची मोजदाद चालली आहे. मोजणारे कंपनीचेच लोक. उमेदवार उभा राहून पाहतो, मधूनच कांहीं खोकीं स्वतः मोजतो आणि यादीशीं ताडतो. हें ताडणें दोन्ही बाजूंनीं करावें लागतें. यादींतला माल जमिनीवर आहे का, हें पाहिल्यानें नसलेला माल दाखविला असल्यास कळतें. जमिनीवरचा माल यादींत आहे का, हें पाहिल्यानें असलेला लपविला असल्यास. मग तो त्या दिवसाच्या शेवटच्या चलनाचा क्रमांक उतरून घेतो. हा क्रमांक मे महिन्यांत कामीं येतो. विक्रीच्या नोंदींत ३१ मार्चच्या तारखेचें एक मोठें बिल दिसतें. परंतु त्याचें चलन त्या क्रमांकाच्या पुढचें, आणि फाटकावरच्या नोंदवहीप्रमाणें ट्रक बाहेर पडला तो २ एप्रिलला. म्हणजे नव्या वर्षाची विक्री जुन्या वर्षाच्या नफ्यांत ओढली गेली. ग्राहक खरा, माल खरा, पैसेहि यथाकाल येतात. खोटी असते ती फक्त तारीख. हें पकडावयास फार विद्या नको. फाटकापर्यंत चालत जाऊन वही मागण्याची संवय हवी, आणि ती पाठ्यपुस्तकांतून येत नाहीं.

त्याहून कंटाळवाणें काम बँकांच्या पत्रांचें. कंपनी म्हणते, अमुक बँकेंत आमची एवढी शिल्लक आहे. तपासनीस बँकेकडून त्याची लेखी खात्री मागवितो. पत्रावर सही कंपनीची असली तरी तें धाडावयाचें तपासनिसानें, आणि उत्तर यावयाचें तें थेट त्याच्याकडे, असा दंडक आहे. पत्ते पडताळणें, आलेल्या-न आलेल्या उत्तरांची यादी ठेवणें हें सारें अर्थातच धाकट्यांच्या वांट्यास येतें. अशा वेळीं समोरचा हिशेबनीस सौजन्यानें म्हणतो, ‘द्या इकडे, आमचा शिपाई बँकेंत जातोच आहे.’ हें सौजन्य नाकारणें किती महत्त्वाचें, हें पुढील प्रकरणावरून दिसेल. ७ जानेवारी २००९ रोजीं हैदराबादच्या सत्यम् कंपनीच्या अध्यक्षानें संचालकांना पत्र लिहून कबूल केलें कीं ताळेबंदांत दाखविलेल्या रोख व बँकेंतील शिलकेपैकीं ५,०४० कोटी रुपये अस्तित्वांतच नव्हते. अमेरिकेच्या रोखेबाजार आयोगानें एप्रिल २०११ च्या आदेशांत प्राइस वॉटरहाउसच्या भारतांतील संलग्न पेढ्यांना दोष दिला तो नेमका येथें: शिलकेचीं पत्रें धाडणें व उत्तरें घेणें हें काम त्यांनीं कंपनीच्याच हातीं सोडलें होतें. प्रकरण तडजोडीनें मिटलें, आणि साठ लक्ष डॉलर दंड भरावा लागला.

मोठ्या पेढीशेजारीं ठाण्याची किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेंतील लहान कचेरी ठेवून पाहावी. दोन खोल्या, फायलींचे गठ्ठे, आणि पलीकडच्या टेबलाशीं स्वतः प्रमुख. सकाळीं गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, दुपारीं जी. एस. टी. चें विवरणपत्र, एप्रिलांत बँकेच्या शाखेची तपासणी, मधूनच आयकराच्या नोटिशीला उत्तर. येथें मुलगा सगळा धंदा पाहतो, पण लहान प्रमाणावर. मोठ्या पेढींत तो हजारों कोटींची कंपनी पाहतो, पण बहुधा तिचें एकच अंग. महिनेच्या महिने यंत्रसामग्रीची घसारा-पत्रकें, नाहीं तर येणें रकमांच्या याद्या. प्रमुख बेफिकीर असेल तर लहान कचेरींतला उमेदवार बँकेंत धाडावयाचा पोऱ्या होतो. सीनियर बेफिकीर असेल तर मोठ्या पेढींतला रकाने भरणारा कारकून. आईबाप पेढीचें नांव विचारतात. विचारावयास हवें तें हें कीं मुलाचे कागद वाचतो कोण? त्यानें टिपणावर ‘पाहिलें, बरोबर आहे’ एवढेंच लिहिलें, आणि वरच्यानें ‘काय पाहिलें? मूळ प्रत कीं झेरॉक्स? सही कोणाची?’ असें विचारून तें परत धाडलें, तर शिक्षण चाललें आहे. न वाचतां पुढें गेलें, तर त्या दिवशीं नुसती मजुरी झाली.

या शिक्षणाची जमीन आतां दुसऱ्याच कारणानें हलूं लागली आहे. पूर्वीं हजारों पावत्यांतून नमुन्यादाखल कांहीं निवडून त्यांवर रंगीत पेन्सिलीनें खुणा करीत बसणें हाच उमेदवाराचा दिनक्रम असे. आज संगणक सगळ्याच नोंदी चाळतो. दोनदां दिलेलें बिल, सुटीच्या दिवशीं केलेली नोंद, वेगळी काढून समोर ठेवतो. कंटाळा वांचला हें चांगलेंच. परंतु त्या कंटाळ्यांतच नजरेला वळण लागत असे, आणि मुदतहि आतां तिनावरून दोन वर्षांवर आली आहे. शिवाय नोंद रविवारीं झाली एवढेंच संगणक सांगतो. ती कां झाली हें कारखान्याच्या हिशेबनिसाला समोर बसूनच विचारावें लागतें. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीला पन्नाशीच्या गृहस्थाला तोच प्रश्न, उद्धटपणा न करतां आणि भीड न बाळगतां, तिसऱ्यांदा विचारतां आला पाहिजे. आपल्या घरांतून वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न करूं नये असें शिकविलें जातें. तिला येथें तें वळण बाजूला ठेवावें लागतें, आणि पुष्कळांना याच पायरीवर सर्वांत अधिक वेळ लागतो.

उमेदवारी संपल्यावर सहा महिन्यांनीं फायनलला बसतां येतें. उत्तीर्ण झालेल्यांपैकीं कांहीं जण त्याच पेढींत पगारी नोकर म्हणून परततात. पुष्कळ जण थोड्या वर्षांत कंपन्यांच्या वित्तविभागांत जातात. भागीदारीपर्यंत पोंचणारे थोडे, आणि त्यांनाहि बहुधा एक तपाहून अधिक काळ लागतो. भागीदाराला अहवालाखालीं पेढीच्या नांवाबरोबर स्वतःचें नांव आणि सभासदत्वाचा क्रमांक घालावा लागतो. मोठ्या कंपन्यांच्या तपासणींत कसूर दिसल्यास २०१८ त स्थापन झालेलें राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण त्या नांवाच्या माणसाला जाब विचारतें. त्या वेळीं प्रथम मागविलीं जातात तीं तपासणीचीं टिपणें; आणि त्यांतल्या पुष्कळ पानांच्या कोपऱ्यांत, काम कोणी केलें या रकान्यांत, एखाद्या उमेदवाराचीं आद्याक्षरें असतात.