मुधोळचा दरबार मणिपालात

जुना वाडा फुटांत नव्हे, खणांत मोजला जाई. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. पाच खणांचा सोपा म्हटले की ऐकणाऱ्याला मालकाची ऐपत कळे. तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई आणि तुळईवर कडीपाट अशी ही चौकट कुसू घालून सांधलेली असते. खिळा जवळपास नाहीच. म्हणून ती न मोडता उकलता येते. आधी मोजमापे आणि रेखाटने, मग प्रत्येक तुकड्यावर क्रमांक, मग वरून खाली उतरवणे: कौले, वासे, पाट, तुळया, शेवटी खांब. वाळवीने खाल्लेले तेवढे बदलायचे आणि नव्या जागी खालून वर पुन्हा रचायचे. जुन्या इमारती हलवून उघड्यावर वसवणाऱ्या खुल्या संग्रहालयांचा सगळा व्यवहार या उकलण्यावर उभा आहे.

युरोपात ही कल्पना रुजली ती स्टॉकहोममध्ये. आर्थर हाझेलियस यांनी १८८५ मध्ये मोरा गावचे एक लाकडी घर विकत घेतले आणि १८९१ मध्ये ‘स्कान्सेन’ उघडले. भारतात चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथे १९९६ मध्ये ‘दक्षिणचित्र’ सुरू झाले. तमिळ आणि केरळी घरांच्या शेजारी तिथे इरकलच्या विणकराचेही घर आहे. महाराष्ट्रात असे, इमारती हलवून वसवलेले मोठे संग्रहालय उभे राहिले नाही. राजांनी वस्तू जमवल्या. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. त्यात चित्रे आणि शिल्पे आली, घरे आली नाहीत. पुण्यात दिनकर केळकर यांनी मात्र एक पाऊल पुढे टाकले. चष्म्याचे दुकान चालवणारा आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारा हा माणूस अडकित्ते, वज्री आणि दिवे गोळा करता करता कोथरूडच्या मस्तानी महालाच्या अवशेषांपर्यंत पोचला. ते अवशेष त्यांच्या संग्रहालयात पुन्हा जोडून ठेवले आहेत. पण ते छपराखाली छप्पर झाले. ऊन नाही, अंगण नाही.

मराठी संस्थानिकाची एक अख्खी वास्तू खुल्या संग्रहालयात पाहायची तर घाट उतरून मणिपालला जावे लागते. तिथल्या वारसा गावात मुधोळच्या राजवाड्याचा दरबार हॉल उभा आहे. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान, दक्षिण मराठा संस्थानांपैकी एक, सांगलीचे शेजारी. ८ मार्च १९४८ रोजी सांगली आणि मुधोळ दोन्ही मुंबई प्रांतात विलीन झाली. १९५६ च्या पुनर्रचनेत मुधोळ म्हैसूर राज्यात गेले. गादी मराठी आणि रयत कानडी, त्यामुळे नंतर या राजवाड्याला आपला म्हणणारे कोणीच उरले नसावे. मुधोळचे नाव आज निघते ते तिथल्या शिकारी कुत्र्यांमुळे.

हा हॉल वाचवणारा माणूस ना राजा होता, ना पुरातत्त्वज्ञ. विजयनाथ शेणॉय हे सिंडिकेट बँकेतले नोकरदार. पाडल्या जाणाऱ्या घरांचे खांब आणि दरवाजे घेऊन त्यांनी प्रथम स्वतःचेच घर बांधले. ते पाहायला इतकी माणसे येऊ लागली की राहते घरच प्रदर्शन झाले. पुढे ते घर विश्वस्त संस्थेकडे देऊन शेणॉय अख्ख्या इमारतींच्या मागे लागले. बिदरकडचा नवाबी महाल, कुकनूरचा कमल महाल, किनाऱ्यावरची चौकी घरे आणि जंगम मठ अशा पंचवीसच्या आसपास वास्तू सुमारे ६ एकरांत आल्या. शेणॉय २०१७ मध्ये वारले.

मात्र बदललेली हवा लपत नाही. घटप्रभेकाठच्या मुधोळला वर्षाला जेमतेम ५००-६०० मिलिमीटर पाऊस. मणिपालला चार हजारांच्या आसपास. कोरड्या मुलखासाठी घडवलेल्या वास्तूचा, तिच्या छपराचा आणि लाकडाचा सगळा हिशेब तिथे नव्याने मांडावा लागतो. दरबार वाचला, त्याचा मुलूख तेवढा मागे राहिला.

उकलण्याच्या या विद्येत एक पंक्तिभेद आहे, आणि तो फारसा बोलला जात नाही. लाकूड उकलता येते, माती येत नाही. सातारा-सांगलीच्या पश्चिमेला, जावळी, पाटण, शिराळा या पावसाच्या पट्ट्यात उतरती छपरे. पूर्वेला आटपाडी, जतकडे मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. माळवदावर पावसाळ्याआधी नवी माती चढवायची, पाणी पन्हाळीतून बाहेर काढायचे, धान्य बळदात. हे घर हलवायला गेले की त्याचा ढिगाराच होतो. म्हणून हलवलेल्या वास्तूंच्या संग्रहात सागवान परवडणाऱ्यांचीच घरे जमतात. गरिबाचे घर नव्याने बांधूनच दाखवावे लागते.

तेच कणेरीला झाले. कोल्हापूरजवळच्या काडसिद्धेश्वर मठाच्या आवारातले सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय लंडनच्या मेणपुतळ्यांवरून सुचले. तिथे सिमेंटचे लोहार, कुंभार, न्हावी, मोट हाकणारे शेतकरी उघड्यावर उभे आहेत, यंत्रे येण्याआधीच्या गावात. जुन्या वास्तूंचे रसिक त्याला देखावा म्हणून नाक मुरडतात. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. एकही खांब जुना नसला तरी बलुतेदाराचे काम, त्याची अवजारे आणि बसण्याची जागा तिथे दिसते. राजवाड्याच्या दरबारात ती कधीच दिसणार नव्हती. उणीव दुसरीकडे आहे. फिरण्याच्या वाटेवर सगळेच शेजारी होतात आणि गावकुसाच्या आतले-बाहेरचे अंतर नाहीसे होते.

जागेवर टिकलेले वाडेही आहेत. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा कृष्णेच्या घाटासह उभा आहे. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे त्याचे अंगण अनेकांना न जाताही ओळखीचे झाले. सांगलीत तसे सोपे नाही. तिथे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नदीकाठच्या गावभागातल्या मातीच्या भिंती असे पाणी दिवसेंदिवस पिऊन फुगतात आणि ओसरल्यावर खचतात. लाकडी चौकट मात्र बहुधा उभी राहते.

वस्ती आधीपासूनच मिरजेच्या दिशेने सरकत होती. त्या वाटेवरच्या विश्रामबागला १९१९ मध्ये विलिंग्डन महाविद्यालय आले, १९४७ मध्ये आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, मागोमाग बंगले आणि सदनिका. गावभागातला वाडा सोडून विश्रामबागला राहायला जाणे हा सांगलीकरांच्या दोन पिढ्यांचा सरळ प्रवास. माणसे हलली; वाडे नाहीत.

कायद्याचा आधार तोकडा आहे. १९६० चा महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा राज्याने संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या वास्तूंपुरता. वारसांत वाटला गेलेला साधा वाडा त्यात क्वचितच बसतो. मिळकत पत्रिकेवर पंधरा-वीस नावे असली की दुरुस्तीसाठी सगळ्यांच्या सह्या मिळत नाहीत, विक्रीसाठी मिळतात. मग जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. तोही चौकट वरून खालीच उतरवतो. फक्त तुकड्यांवर क्रमांक घालत नाही. कोरीव खांब एखाद्या रिसॉर्टच्या दारात जातात, तुळया चिरून फळ्या होतात आणि तळखडे बहुधा जागीच राडारोड्याखाली राहतात.