अपघातानंतरची नुकसानभरपाई : पालकांनी समजून घ्यावे असे काही

मागील शैक्षणिक वर्षाच्या पावसाळ्यात आपल्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याचे वडील मुलाचा दाखला नेण्यासाठी कार्यालयात आले होते. सुतारकामासाठी ते दर आठवड्याला बेळगावहून गोव्याला जात. परतताना चोर्ला घाटात एका जीपने त्यांच्या दुचाकीला ठोकरले आणि उजवे मनगट मोडले. जीपवाल्याने दवाखान्यात पंचवीस हजार रुपये दिले, 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही घेतली आणि विषय मिटला असे सर्वांना वाटले. हाड जुळले, पण चार महिने झाले तरी हातात रंधा धरता येईना. तेव्हा मुलाने शाळा सोडून कामाला लागायचे, असे घरात ठरले. मुख्याध्यापकांनी दाखला लगेच न देता त्यांना माझ्याकडे पाठवले. मी याच शाळेचा माजी विद्यार्थी, व्यवसायाने वकील. त्यांना जे सांगितले तेच सर्व पालकांसाठी येथे लिहीत आहे.

पैसे कोण देतो?

'त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला कशाला बुडवायचे?' असे म्हणून पुष्कळ लोक आपसात मिटवतात. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. तो असल्यास भरपाई साधारणपणे विमा कंपनी देते. हा विमा आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई व्हावी यासाठीच असतो. म्हणून वाहनाचा क्रमांक टिपून ठेवणे हे पहिले काम. क्रमांकावरून विमा कंपनी शोधता येते.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. हे दर १ एप्रिल २०२२ पासूनचे आहेत. त्यासाठीचा अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्यांकडे करावा लागतो.

दोन वाटा

चूक कोणाची हे सिद्ध न करता ठराविक रक्कम घेणे ही पहिली वाट. कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये. दुसरी वाट कलम १६६ ची. येथे समोरच्या चालकाची चूक दाखवावी लागते, पण झालेल्या नुकसानीचा पूर्ण हिशेब मागता येतो. कंपनीकडून पहिली रक्कम स्वीकारली की दुसऱ्या वाटेचा दावा संपतो. त्यामुळे कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी विचार करावा.

हिशेब कसा होतो?

औषधोपचार, प्रवास, सोबतीला राहिलेल्या माणसाचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदना हे सर्व हिशेबात धरले जाते. मोठा भाग असतो तो पुढे कमी होणाऱ्या कमाईचा. त्याची रीत सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ व २०१७ च्या निकालांनी ठरली आहे.

समजा, सुतारकाम करणारे गृहस्थ ३८ वर्षांचे आहेत आणि महिन्याला १५,००० रुपये मिळवतात. वर्षाचे झाले १,८०,०००. स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आतील माणसासाठी पुढील वाढ म्हणून ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,०००. छत्तीस ते चाळीस या वयासाठी गुणक १५. गुणाकार ३७,८०,०००. या रकमेचा, कमाईची शक्ती जितके टक्के गेली तितका भाग मिळतो.

येथेच बहुतेकांची फसगत होते. डॉक्टरांच्या दाखल्यावर २० टक्के अपंगत्व लिहिले असेल, तर त्याच आकड्याने हिशेब करून ७,५६,००० रुपये धरले जातात. परंतु शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एकच नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे. कारकुनाचे मनगट अधू झाले तरी त्याची नोकरी टिकू शकते. सुताराचा धंदाच बसतो. न्यायाधिकरणाने कमाईची हानी ५० टक्के धरली, तर तीच रक्कम १८,९०,००० होते. मात्र हे पटवून देण्यासाठी डॉक्टरांची साक्ष आणि आपण नेमके कोणते काम करत होतो याचा पुरावा लागतो. पगारपत्रक नसेल तर गिऱ्हाइकांच्या पावत्या, कामाची वही, बँकेतील नोंदी उपयोगी पडतात.

मुलांचे काय, असे पालक विचारतात. बारा वर्षांच्या एका मुलीला कायमचे पूर्ण अपंगत्व आले होते. तिच्या दाव्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने कुशल कामगाराचे किमान वेतन धरून हिशेब केला. मूल कमावत नाही म्हणून त्याचे नुकसान थोडे, असे कायदा मानत नाही.

कोठे आणि केव्हा?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल होतो. अपघात गोव्यात किंवा कोल्हापूरला झाला तरी तेथे खेटे घालण्याची गरज नाही. आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणात, म्हणजे बेळगावातच, अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा अशी तरतूद आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण त्यावर विसंबून बसू नये.

पोलिसांत फिर्याद उशिरा दिली एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे. उशिराचे कारण मात्र खरे सांगावे. आपल्याकडे फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते. वाचता येत नसेल तर वाचून घेऊन, अर्थ समजल्यावरच सही करावी. तिची प्रत विनामूल्य मिळते.

जपून ठेवण्याचे कागद

१. फिर्याद व पंचनाम्याची प्रत.
२. दवाखान्याची सर्व कागदपत्रे, एक्स-रे, औषधांची बिले.
३. अपंगत्वाचा दाखला.
४. वयाचा व उत्पन्नाचा पुरावा.
५. साक्षीदारांची नावे व दूरध्वनी क्रमांक.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, मुले, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तेथे मोफत वकील मिळतो.

त्या गृहस्थांनी मुदत संपण्यास थोडे दिवस असताना अर्ज दाखल केला. सही केलेला तो कागद कंपनीचे वकील पुढे करणारच आणि त्याला उत्तर द्यावे लागेल. निकाल अजून लागायचा आहे. दाखला मात्र त्यांनी नेला नाही. मुलगा यंदा दहावीला बसतो आहे.