तार एकाची, गिऱ्हाईक दुसऱ्याचे

ब्रिटनमध्ये घरचे इंटरनेट बंद पडले, की ग्राहक ज्या कंपनीला दरमहा पैसे मोजतो तिला दूरध्वनी करतो. पलीकडून सौजन्यपूर्ण उत्तर येते, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला मिळतो, तक्रारीचा क्रमांकही मिळतो. दुरुस्ती मात्र उत्तर देणाऱ्याच्या हाती नसते. कारण तेथील बहुसंख्य घरांत गेलेली तार ओपनरीच या संस्थेच्या मालकीची आहे. स्काय, टॉकटॉक यांसारख्या कंपन्या तीच भाड्याने घेऊन सेवा विकतात. स्पर्धेस वाव मिळावा म्हणून २००६ मध्ये बीटी कंपनीतच ओपनरीच हा वेगळा विभाग निर्माण करण्यात आला. हेतू स्तुत्यच होता. परंतु तारेच्या मालकाशी ग्राहकाचा करारच नसल्याने बिघाडाची तक्रार विक्रेत्यामार्फतच जावी लागते, आणि ठरल्या वेळी कारागीर फिरकला नाही तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवण्यास मोकळे!

या त्रासाचे खापर मात्र भलत्याच माथी फुटले. २००३ मध्ये बीटीने दिल्ली व बंगळूरु येथे कॉल सेंटरे काढण्याचे ठरविले आणि पुढे भारतीय उच्चार हा तेथील ग्राहकांच्या रोषाचा विषय झाला. रात्रपाळीत बसून परमुलखातील गावांची नावे घोकणाऱ्या आपल्या पदवीधर तरुणांनी बोलणी खाल्ली. तारेला हात लावण्याचा अधिकार त्यांना कधीच नव्हता. जानेवारी २०२० पर्यंत बीटीने ग्राहकांचे दूरध्वनी ब्रिटन व आयर्लंडमध्येच घेण्याची व्यवस्था केली. उच्चार घरचे झाले. तारेची मालकी होती तिथेच राहिली.

खरा उपाय निघाला तो पैशाच्या वाटेने. नियामक संस्था ऑफकॉमच्या पुढाकाराने १ एप्रिल २०१९ पासून भरपाईची योजना सुरू झाली. बंद पडलेली सेवा कळविल्यानंतर कामकाजाच्या दोन पूर्ण दिवसांत सुरू झाली नाही, तर पुढील प्रत्येक दिवसामागे ८ पौंड. कारागीर ठरल्या वेळी न आल्यास २५ पौंड, असे आरंभीचे दर होते. त्यासाठी वेगळा अर्ज नको, वाद नको. रक्कम आपोआप बिलात जमा व्हावी. चूक तारवाल्याची असली तरी ग्राहकाला भरपाई विक्रेत्यानेच द्यायची, आपसातला हिशेब त्यांनी आपसात मिटवायचा. एका फटक्यात गिऱ्हाइकाची टोलवाटोलवीतून सुटका झाली. उणीव एवढीच, की योजनेतील सहभाग ऐच्छिक ठेवण्यात आला. सहभागी नसलेल्या कंपनीचे गिऱ्हाईक पुन्हा दूरध्वनीलाच कान लावून बसते.