जुन्या जीपची ओढ का मंदावते?

शहापूर तालुक्यातील उंबरमाळी हे गाव खर्डी व कसारा यांच्या दरम्यान वसलेले आहे. येथील पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा, तसेच शेजारच्या मुरबाड तालुक्यातील आडरस्ते चढउताराचे, उन्हाळ्यात धुळीचे व पावसाळ्यात चिखलाचे असतात. भाताची पोती, गवत, बियाणे आणि प्रसंगी आजारी माणूस नेण्यास अशा ठिकाणी जुनी जीप उपयोगी पडते. महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे डिझेलच्या जीपाही निघाल्या. या गाड्यांची रचना साधी असल्याने बरेचसे दोष मालकास स्वतः ओळखता येतात.

अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेत नसेल, तर भर चढावर ती मागे घसरण्याचा धोका असतो. अशा वेळी पुष्कळ जण लगेच डिझेल पंप खोलावयास देतात. ते खर्चाचे काम असते आणि दोष मात्र अनेकदा बाहेरच सापडतो. म्हणून तपासणी पुढील क्रमाने करावी.

प्रथम दोष इंजिनात आहे की इंजिनाच्या पुढे, हे ठरवावे. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज चढतो, परंतु गाडीचा वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे असे समजावे. सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलूनही गाडी जड वाटल्यास ब्रेक धरून राहिले आहेत काय, ते पाहावे.

आवाजच चढत नसल्यास इंजिन बंद करावे. एकाने अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा व दुसऱ्याने पंपावरील दांडी शेवटपर्यंत फिरते की नाही, ते पाहावे. ताणलेली केबल किंवा पायाखाली दुमडलेली चटई एवढेही कारण पुरेसे असते.

नंतर सायलेन्सरच्या धुराकडे लक्ष द्यावे. धूर काळा असल्यास इंजिनास हवा कमी पडते किंवा नोझल बिघडले आहेत. आपल्या भागातील धुळीमुळे एअर फिल्टर लवकर तुंबतो, म्हणून तोच आधी पाहावा. तेलाच्या वाटीचा फिल्टर असल्यास तो धुवून खुणेपर्यंतच नवे तेल भरावे. जास्त तेल इंजिनात ओढले जाते. निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे दर्शवितो.

धूर नाही आणि ओढही नाही, तर डिझेल कमी पोहोचत आहे. काही अंतर चालून गाडी मंदावत असेल, तर टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा आवाज आल्यास झाकणाचे छिद्र बुजले आहे. फिल्टरच्या तळाचे डिझेल काचेच्या भांड्यात काढावे. पाणी असल्यास ते खाली बसते. पावसाळ्यात पिंपातून डिझेल भरणाऱ्यांनी ही तपासणी अवश्य करावी. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने नळीतील हवा बुडबुडे थांबेपर्यंत काढावी.

पेट्रोलची जुनी जीप केवळ दाबताक्षणी अडखळत असेल, तर कार्बोरेटरमधील अॅक्सिलरेटर पंप पाहावा. इंजिन बंद ठेवून व एअर फिल्टर काढून दांडी हलविल्यास पेट्रोलची धार दिसली पाहिजे. गाडी झटके देत असल्यास प्लग व पॉइंट तपासावेत. विलिसच्या जुन्या इंजिनात पॉइंटची फट सुमारे ०.५ मिलिमीटर व प्लगची सुमारे ०.७५ मिलिमीटर ठेवतात.

तपासताना चाकांना दगडाची उटी लावावी व जवळ विडी ओढू नये. डिझेलच्या नोझलची धार त्वचेत शिरते. तिच्यासमोर हात धरू नये. पंपाचे सीलबंद स्क्रू फिरवू नयेत. इतके करूनही दोष न सापडल्यासच गाडी जाणकार मेकॅनिककडे न्यावी व आपण काय काय तपासले, ते त्यास क्रमवार सांगावे. त्यामुळे त्याचा वेळ व आपला पैसा, दोन्ही वाचतात. ही तपासणी पावसाळ्यापूर्वीच उरकून घेणे हिताचे होय.