ब्रिटनमधले पाकिस्तानी आणि घर

किती? २०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १५.९ लाख, लोकसंख्येच्या २.७ टक्के.

कुठून? बरेचसे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमधल्या मीरपूर भागातले. १९६७मध्ये पूर्ण झालेल्या मंगला धरणाने तिथली लाखाहून अधिक माणसं उठवली.

कुठे? ब्रॅडफर्डसारख्या गिरणीगावांत, भिंतीला भिंत लागून असलेल्या जुन्या, स्वस्त घरांत. कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, घरांसाठी अनेक ठिकाणी दीर्घ स्थानिक वास्तव्याची अट होती. नवागत आपोआप मागे.

कायदा : १९६५चा वंशसंबंध कायदा मुख्यतः सार्वजनिक ठिकाणांपुरता. वंशावरून घर नाकारणं बेकायदा ठरलं १९६८मध्ये. तीन वर्षं उशिरा!

व्याज : ‘रिबा’, म्हणजे व्याज, इस्लामनुसार निषिद्ध मानणारे अनेकजण नेहमीचं गृहकर्ज टाळतात. पर्यायी व्यवहारात बँक घर विकत घेते आणि ग्राहकाला हप्त्यांनी विकते. घर दोनदा विकलं जात असल्याने त्यावर लागणारी दुहेरी स्टॅम्प ड्यूटी २००३मध्ये रद्द.