काही टक्के परत मिळतात, पण कुणाला?

न्यू जर्सीत छोट्या धंद्यात पैसे घातले की राज्य सरकार काही टक्के करातून परत देतं, हे विधान खोटं नाही, अर्धवट आहे. तेवढ्यावर विसंबून कुणी तिथल्या ओक ट्री रोडवरच्या ओळखीच्या किराणा दुकानात भागीदारी घेतली, तर हाती काही लागणार नाही. ही सवलत तंत्रज्ञानाच्या कंपन्यांसाठी आहे. त्यातही कर्मचारी 225 पेक्षा कमी हवेत आणि त्यांतले किमान 75 टक्के न्यू जर्सीत काम करणारे हवेत.

दुसरा घोळ करातली वजावट आणि कराचं क्रेडिट यांचा. समजा दर वीस टक्के आहे आणि 50,000 डॉलर गुंतवले, तर क्रेडिट 10,000 डॉलरचं. ही रक्कम उत्पन्नातून नव्हे, थेट करातून कापली जाते. राज्याच्या करात 6.37 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला 10,000 ची वजावट मिळाली असती, तर वाचले असते जेमतेम 637 डॉलर. इथे पूर्ण 10,000 वाचतात. राज्याचा कर मुळात 4,000 च निघाला, तर उरलेले 6,000 हातात येतात. सगळीच राज्यं इतकी उदार नसतात. व्हर्जिनियाच्या योजनेत टक्का 50 होता, पण कर संपला की उरलेलं क्रेडिट रोखीत मिळत नसे. शिवाय तिथे वर्षाची एकूण रक्कम बांधलेली. अर्ज जास्त आले की प्रत्येकाच्या वाट्याला कात्री.

'म्हणजे पैसे सुरक्षित'? मुळीच नाही. कंपनी बुडाली तर वरच्या उदाहरणातले 40,000 गेलेच. केंद्राच्या करात या क्रेडिटचा उपयोग नाही, ते फक्त राज्याच्या करापुरतं. घरच्या घरी पैसे फिरवून सवलत लाटता येईल, असं वाटणाऱ्यांसाठी मिनेसोटाचं उदाहरण बघा. 2010 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या योजनेत 25 टक्के क्रेडिट होतं, पण गुंतवणूक तीन वर्षं ठेवण्याची अट होती आणि कंपनीच्या चालकांना व त्यांच्या कुटुंबीयांना दार बंद होतं. सगळीकडे इतका कडकपणा नसतो.

या सवलतींनी नवे उद्योग फोफावतात का? डेनिस, हॉवेल आणि सहकारी संशोधकांनी अमेरिकेतल्या 31 राज्यांच्या योजना तपासल्या. गुंतवणूक वाढली, पण उद्योजकतेवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. व्यावसायिक गुंतवणूकदार कंपनीचा दम बघतात, कराची सवलत नाही. माझ्या मते राजकारण्यांना हा निष्कर्ष पचणं कठीण.

'मग महाराष्ट्र सरकार असं का देत नाही?' आपल्याकडे शेतीचं उत्पन्न सोडलं तर आयकर केंद्राचा. माणसाच्या कमाईवर राज्याचा थेट कर म्हणजे व्यवसाय कर, तोही वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये. त्यातून गुंतवणूकदाराला सोडणार तरी किती? आणि भारतातला 'एंजल टॅक्स' नावावरून अशीच सवलत वाटला, तरी ती सवलत नव्हतीच, उलट तो 2012 मध्ये स्टार्टअपच्या डोक्यावर बसलेला कर होता. 2024 च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला.