फाशांचे गणित आणि शाळेचा तास

द्यूतसभेची कथा ठाऊक नाही असे मराठी मूल विरळाच. परंतु ती आपण मुलांना सांगतो बहुधा शकुनीच्या कपटाची म्हणून. त्यातून बालमन नकळत असा निष्कर्ष काढते की, फासे सरळ असते तर धर्मराजाचे काहीच बिघडले नसते. आम्हांला त्या कथेत निराळेच काही दिसते. प्रत्येक हारीनंतर युधिष्ठिर उठत नाही; धन, राज्य, भाऊ, स्वतः आणि अखेर द्रौपदी असे एकेक पणाला लावत जातो. सर्व परत मिळाल्यावरही पुन्हा बोलावणे येताच तो खेळावयास बसतो!

ही कथा जुनी. आपल्या घरांतील गोष्ट नवी. माळव्यात दिवाळीला, गुजरातेत सातम-आठमला पत्त्यांचा डाव मांडणे हा सणाचाच भाग मानणारी कुटुंबे आपल्या शेजारी आहेत आणि आपल्यांतही आहेत. तेथे वडीलमंडळींची नजर तरी असे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात मोबाईल आला, आणि डाव त्याच्या अंथरुणात शिरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, हे योग्यच झाले. परंतु १९६० च्या दशकात मुंबईत फोफावलेला मटकाही कधी कायदेशीर नव्हता. तरी त्याचे आकडे गावोगावच्या पानपट्टीपर्यंत पोचलेच.

त्या मटक्याचाच हिशेब पाहा. शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका रुपयास नऊ रुपये हा एकेरी आकड्याचा रूढ भाव. रोज दहा रुपये असे शंभर दिवस लावले तर एक हजार रुपये जातात. सरासरीने दहा वेळा आकडा लागून नव्वदप्रमाणे नऊशे परत येतात. येथे कोणी शकुनी नाही, चिठ्ठ्या सरळ आहेत, तरी शंभर रुपये गेलेच. ‘सात बरेच दिवस आला नाही, आता येणारच’ हा खेळणाऱ्याचा लाडका सिद्धान्त; पण चिठ्ठीला कालची आठवण नसते.

मग एवढे गणित शिकविले की झाले काय? नाही. कॅनडातील आल्बर्टा प्रांतात लेथब्रिज विद्यापीठाचे संशोधक रॉबर्ट विल्यम्स यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जुगाराचे संख्याशास्त्र शिकवून पाहिले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे : विद्यार्थ्यांना संभाव्यता उत्तम काढता येऊ लागली, गैरसमजही कमी झाले, परंतु त्यांचे जुगार खेळणे मात्र कमी झाले नाही. हुशार मुलगा फसत नाही, ही पालकांची समजूत येथेच डळमळावी.

पुढे त्यांनी व सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांसाठी पाच-सहा पाठांचा अभ्यासक्रम रचला. त्यात गणिताच्या जोडीला निर्णय कसा घ्यावा, मित्रांच्या आग्रहाला तोंड कसे द्यावे, व्यसनाच्या खुणा कशा ओळखाव्यात, यांचा प्रत्यक्ष सराव होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, काही महिन्यांनंतरही त्या मुलांचे खेळण्याचे प्रमाण घटलेले आढळले. असे यश सर्वच प्रयोगांना आलेले नाही. पुष्कळ ठिकाणी ज्ञान वाढले, वर्तन तसेच राहिले. निव्वळ व्याख्यानाने आणि धाकाने साधत नाही, एवढे मात्र यावरून म्हणता येईल.

आपल्या शाळांना यासाठी नवे पुस्तक नको. दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरण आहेच. त्यात नाणी, फासे, पत्ते सर्व आहे, फक्त ते कोणाच्या खिशातून जातात हे नाही. शिक्षकांनी दहा चिठ्ठ्या डब्यात घालाव्यात, प्रत्येक मुलाच्या वहीत काल्पनिक हजार रुपये मांडावेत आणि शंभर वेळा चिठ्ठी काढावी. काही मुले जिंकतील. त्यांनाच वर्गापुढे बोलते करावे. आणखी शंभर चिठ्ठ्या काढल्यावर त्यांपैकी किती जण जिंकलेले उरतात, तेही फळ्यावर लिहावे.

उरलेला अर्धा तास मात्र दुसऱ्या प्रश्नासाठी राखावा. मित्राकडून पाचशे रुपये उसने घेऊन हरलेल्या मुलाने आज घरी जाऊन काय सांगावे? हे संभाषण दोघांनी वर्गात वठवून पाहावे : एकाने मुलगा व्हावे, दुसऱ्याने बाबा. आणि पालकसभेच्या दिवशी तोच प्रवेश पालकांकडून करवावा. आपल्या तोंडी पहिले वाक्य कोणते येते, ते त्यांनाही ऐकू द्यावे.